एक्केचाळिसावा पाव

नोलीन क्रॅडॉकला ‘नऊ वेशी’ या कादंबऱ्यांच्या पुढच्या खंडाची प्रकरणं छापण्याआधी घरपोच येतात, अशी कुजबुज ऑस्ट्रेलियातल्या आमच्या नरॅन्डेरात बरीच वर्षं होती. कुजबुज आपली म्हणायची. क्लबात ती बिअरच्या ग्लासांवरून चांगली मोठ्याने चालायची. आधी ती गावापुरतीच होती. मग वाचनालयातल्या ब्रॉनीने आमच्या वाचक मंडळाचं फेसबुकवर पान काढलं आणि ती थेट फिनलंडला पोचली. फिनलंडातल्या एका गृहस्थाने लिहिलं की नोलीन ही लेखिकेची सावत्र बहीण आहे. कॅनडातल्या एका बाईने त्याला झापलं, की बहीण कसली, नोलीन हीच खरी लेखिका, आणि कॉर्नवॉलमध्ये राहते ती नुसती फोटोपुरती.

गावातले लोक पुराव्यादाखल दोन गोष्टी सांगत. एक, दर ऑक्टोबरात नोलीन लेखिकेला इंग्लंडला घरचा फ्रूटकेक पाठवते. दोन, एकदा तिकडून तिला टपाल आलं होतं. केकच्या बदल्यात प्रकरणं, असा सरळ हिशेब. ही दुसरी गोष्ट बाहेर कशी फुटली ते मला विचारू नका. गावात टपाल वाटायला मी होतो हे खरं, पण गावात भिंतीही होत्या.

नोलीन आयुष्यभर स्वयंपाकीण. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर सत्तावीस वर्षं या शेडमधून त्या शेडमध्ये फिरली. वीस-बावीस माणसं, दिवसाला पाच खाणी, पहाटेच्या चॉप्सपासून रात्रीच्या पुडिंगपर्यंत. नवरा त्याच टोळीत कातरणारा. तो लवकर गेला. मुलगा डॅरिल पिठाच्या पोत्यांवर झोपून मोठा झाला आणि पर्थकडे लोखंडाच्या खाणीत मोठा साहेब झाला. मग नोलीनचा गुडघा गेला. ती गावात येऊन राहिली आणि महिला मंडळाच्या हॉलचं स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलं. ताब्यात घेतलं म्हणजे किल्ली मागितली आणि परत दिली नाही.

‘नऊ वेशी’ ही कादंबरीमाला तिच्या हाती लागली ती शेडमध्येच. कोणीतरी पहिला खंड टाकून गेलं होतं, कव्हर फाटलेलं. तिने तो वाचायला घेतला तो त्यातली माणसं काय खातात ते बघायला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली म्हणे, “राजवाड्यात चारशे माणसं जेवतात आणि भांडी घासायला एक पोरगी. हे लिहिणारीने जन्मात मोरी पाहिलेली नाही.” आणि दुसरा खंड मागवला.

तलवारी, शाप, बोलणारे लांडगे यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. लांडगा बोलला तर तिची हरकत नसे. तो खातो काय, हे मात्र तिला कळलं पाहिजे. “तीन दिवस घोडे दौडतायत,” ती म्हणायची, “आणि एकाच्याही तोंडाला चारा नाही. चौथ्या दिवशी त्याला घोडा म्हणत नाहीत, कातडं म्हणतात.”

आमचं मंडळ शनिवारी दोन वाजता हॉलमध्ये भरायचं. आम्ही आठ जण. नोलीन, ब्रॉनी, मी, आणखी चौघे जे मुख्यतः नोलीनच्या स्कोनसाठी, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या गरम पावांसाठी, यायचे, आणि आमचे इयन प्रॉब्स्ट मास्तर. मास्तरांनी हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवला. पहिल्या खंडातल्या नकाशात एक नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहते, हे त्यांनी पहिल्याच वाचनात पकडलं आणि प्रकाशकाला कळवलं. उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्यांचं मत असं की ‘नऊ वेशीं’चं जग वाडग्याच्या आतल्या बाजूला वसलेलं आहे. मास्तरांची बायको वारली, त्यानंतर ते शनिवारखेरीज घराबाहेर फारसे पडत नसत. शनिवारी मात्र पावणेदोनलाच दारात उभे.

वाद झाला की तो मिटवायची पद्धत नोलीनने शेडमधून आणली होती. पाऊस पडला की मेंढ्या कातरायच्या की नाही यावर कातरणाऱ्यांचं मतदान होतं. प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, ‘ओल्या’ किंवा ‘कोरड्या’. ओल्या जास्त निघाल्या तर काम बंद. कोरड्या निघाल्या तर सगळे कामाला. एकदा चिठ्ठी निघाली की मालकाचा बाप आला तरी ती बदलत नाही. आमच्याकडेही तेच. कोणी तर्क मांडला की चर्चा, चहा आणि चिठ्ठ्या. ‘ओला’ म्हणजे तर्क बाद, ‘कोरडा’ म्हणजे चालू. नोलीन स्वतः मत देत नसे. “स्वयंपाकिणीला मत नसतं,” ती म्हणायची, “तिने चिठ्ठ्या मोजायच्या. तिच्याशी भांडून कोणाचं पोट भरत नाही, म्हणून मोजणी तिच्याकडे.” मास्तरांचा वाडगा सलग अकरा वेळा ओला निघाला. ते दर वेळी चष्मा पुसत आणि म्हणत, “गॅलिलिओला तर स्कोनही मिळत नव्हते.”

तिसऱ्या खंडात नवव्या वेशीच्या किल्ल्याला वेढा पडतो. आत अडकलेली माणसं चाळीस. राजपुत्र आयलोर त्याआधीच विहिरीत पडून मेलेला, निदान सगळे तसं समजतात. हेल्मा नावाची स्वयंपाकीण रोज पाव भाजते, माणशी एक. हा खंड आम्ही सगळ्यांनी वाचला होता, त्यावर दोन महिने बोललो होतो. एका शनिवारी नोलीन चहा ओतता ओतता म्हणाली, “तो पोरगा जिवंत आहे.”

“कोण पोरगा?” मास्तर म्हणाले.

“आयलोर. पिठाच्या तळघरात लपलाय. हेल्मा त्याला खायला घालते.”

“कशावरून?”

“पाव एक्केचाळीस आहेत.”

सगळ्यांनी पुस्तकं उघडली. होते खरे एक्केचाळीस.

“छापखान्याची चूक, बाई,” मास्तर म्हणाले.

“चूक एकदा होते, मास्तर. पान सत्तेचाळीसवर एक्केचाळीस, पान दोनशे बारावर एक्केचाळीस. वेढा पडलाय, पिठाचा तळ दिसतोय, आणि हेल्मा रोज एक पाव जास्त भाजते? मी सत्तावीस वर्षं रांधलंय. मी एक चॉप जास्त तळला तर तो कोणाचा हे मला पक्कं ठाऊक असायचं.”

“कोणाचा असायचा?”

“माझा.”

“झालं तर! हेल्माही स्वतःसाठीच भाजत असेल.”

“हेल्मा चाळिसात धरलेली आहे. मी नावानिशी मोजलंय. घ्या, मोजा.” तिने एप्रनच्या खिशातून यादी काढून त्यांच्या बशीत ठेवली.

मास्तरांनी मोजलं. मग उलटीकडून मोजलं. चिठ्ठ्या टाकल्या, सहा कोरड्या, एक ओली. ओली कोणाची हे सांगायला नको. ब्रॉनीने ते सगळं त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकलं आणि सोमवारी सकाळी ती कामावर आली ती जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन. सव्वाशे जणांनी उत्तरं दिली होती.

सहा महिन्यांत ‘नोलीनची पद्धत’ म्हणून तिचा बोलबाला झाला. ब्राझीलमधल्या कोणी सातव्या वेशीचं मीठ मोजलं. फिनलंडवाल्याने मेणबत्त्या मोजून सिद्ध केलं की मठातला आंधळा साधू आंधळा नाही, कारण त्याच्या खोलीत महिन्याला नऊ मेणबत्त्या जळतात. जपानमधून एका बाईने पावाची कृती विचारली. नोलीनने ती पाठवली आणि खाली लिहिलं, ‘वेढा असेल तर लोणी घालू नये.’

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॅरिल पर्थहून आला. त्याने तिकडच्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात आईसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. न्हाणीघरात धरायला दांडे, दाराला उंबरा नाही. मुलगा चांगला. त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

“मम, तुझा गुडघा बघ. इथे कोण आहे तुझं?”

“शनिवार आहे,” नोलीन म्हणाली.

“पर्थला शनिवार नसतो?”

“असतो. पण तिथे मास्तर नसतात.”

“तो म्हातारा तुझ्याशी नुसता भांडतो!”

“म्हणूनच म्हटलं.”

डॅरिलने फारच आग्रह धरला तेव्हा तिने एक करार केला. हॉलच्या स्वयंपाकघरात, आम्हा चौघा-पाचांच्या देखत. चौथा खंड येईल, त्यात एक्केचाळिसाव्याचा निकाल लागेल. एवढं काम पुरं केल्याशिवाय हलणं बरं नाही. अर्ध्या मोसमात स्वयंपाकीण शेड सोडत नसते. निकाल लागला, ती बरोबर ठरो की चूक, की ती किल्ली ठेवून पर्थला येईल. डॅरिलने विचारलं, खंड कधी येणार? ब्रॉनी म्हणाली, साधारण वर्षभरात. दोघांनी हात मिळवले. मास्तर तेव्हा बशी विसळत होते. एकच बशी, बराच वेळ.

वर्ष गेलं. खंड आला नाही. दुसरं गेलं. जगभरचे वाचक लेखिकेच्या नावाने बोटं मोडू लागले. बाई आळशी आहे, बाई आजारी आहे, बाई मेली आहे आणि प्रकाशक लपवतोय. फिनलंडवाल्याने तिच्या दारावर मोर्चा न्यायचा प्रस्ताव मांडला. जायला तो एकटाच तयार होता. आमच्या मंडळात उशिराबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. नोलीन तर म्हणायची, “कच्चं वाढण्यापेक्षा उशिरा वाढलेलं बरं.”

तिसऱ्या वर्षी मोठीच भानगड झाली. तिसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघाली आणि ब्रॉनी ती घेऊन धापा टाकत हॉलमध्ये आली.

“पान सत्तेचाळीस! चाळीस पाव केलेत! दोनशे बारावरही चाळीस!”

मास्तर उभे राहिले. “मी काय म्हणत होतो? चूक होती, दुरुस्त केली. विषय संपला.” हे बोलून ते तसेच उभे राहिले, आपण काय बोलून बसलो ते नंतर कळल्यासारखे. विषय संपला तर निकाल लागला, आणि निकाल लागला तर पर्थ.

त्या दिवशी स्कोन करपले. नोलीनच्या हातून स्कोन करपल्याची गावाच्या इतिहासात दुसरी नोंद नाही. ती ओव्हनकडे पाठ करून उभी होती, चेहरा लाल.

वाचवलं ते वाचकांनी. आठवडाभरात सहा देशांत एकमत झालं की लेखिकेने पाव कमी केले याचा अर्थ उघड आहे. गुपित फुटलं म्हणून बाई पुरावा नष्ट करते आहे. चूक असती तर तिने कशाला हात लावला असता? साधी चूक कोणी दुरुस्त करतं का? नकाशातली नदी अजून डोंगरावर चढते आहे, तिला कोणी हात लावला? हा शेवटचा मुद्दा मास्तरांना इतका पटला की त्यांनी पुढच्या शनिवारी तो स्वतःच मांडला, ‘आपल्या विरोधात जातो तरी’ असं म्हणून. चिठ्ठ्या कोरड्या निघाल्या. आणि क्लबातली कुजबुज पक्की झाली: पुरावा पुसण्याआधी नोलीनला कळवलं असणार.

करारानंतर नऊ वर्षांनी, मे महिन्यात, चौथा खंड आला. सहाशे चाळीस पानं. वेढा उठतो, किल्ल्याचं दार उघडतं आणि माणसं एकेक करून बाहेर येतात. लेखिकेने सगळ्यांची नावं घेतली आहेत. चाळीस. तळघरात पिठाशिवाय काही नाही. विहीर उपसतात तेव्हा तळाशी हाडं सापडतात, डाव्या हाताच्या बोटात राजपुत्राची अंगठी.

त्या आठवड्यात रस्त्यात भेटलेलं कोणी कोणाशी पुस्तकाबद्दल बोललं नाही. नोलीनने डॅरिलला स्वतः फोन केला. करार तो करार. तो विमानाने जवळच्या वॉगा शहराला उतरला, गाडी भाड्याने घेऊन शुक्रवारी आला, आणि शनिवारी तिच्याबरोबर हॉलमध्ये येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत मावला तेवढा बसला. सोमवारची दोन तिकिटं होती. नोलीनने भोपळ्याचे स्कोन केले होते. हॉलची किल्ली तिने टेबलावर साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली.

“सुरू करा,” ती म्हणाली. “फार वेळ लागणार नाही.”

मास्तर उठले. त्यांनी कोट घातला होता. खडू घेऊन ते फळ्याशी गेले आणि एक हात काढला. भूगोलाच्या माणसाने काढलेला हात. त्याला खाड्या होत्या.

“विहिरीतल्या हाडांच्या कुठल्या बोटात अंगठी आहे?”

“डाव्या हाताच्या, करंगळीशेजारच्या,” ब्रॉनी म्हणाली.

“पहिला खंड, पान अठ्ठ्याऐंशी. राजपुत्र आयलोर डाव्या हातात कायम हातमोजा घालतो. जेवतानाही. का?”

“थंडी असेल,” मी म्हणालो.

“तुम्ही टपालच वाटा. पान शहाऐंशीवर चेऱ्या पिकल्यात. भर उन्हाळा आहे. उन्हाळ्यात माणूस एका हातात मोजा घालतो तो काय लपवायला?” त्यांनी खडूच्या हाताचं चौथं बोट पुसून टाकलं. “बोटच नाही. जे बोट नाही त्यात अंगठी बसेल कशी? ही हाडं दुसऱ्याची आहेत. अंगठी कोणीतरी घातली आहे. मुद्दाम.”

डॅरिल स्कोन हातात धरून फळ्याकडे बघत होता.

“मास्तर,” नोलीन म्हणाली, “नऊ वर्षं तुम्ही तो मेला म्हणून माझं डोकं खाल्लंत.”

“भूगोलाच्या दृष्टीने मेलाच होता. शरीराकडे माझं दुर्लक्ष झालं.”

“हाडं त्याचीच आहेत हो. कशाला उगाच. मी चुकले, झालं.”

“बाई,” मास्तर म्हणाले, वर्गात म्हणत असतील तसं, “तुम्हाला मत नाही. तुम्ही चिठ्ठ्या मोजा.”

ब्रॉनीने चिठ्ठ्या वाटल्या. डॅरिलपाशी ती थांबली, सगळ्यांकडे बघितलं आणि त्यालाही एक दिली. “पाहुण्यांनाही असते,” ती म्हणाली. अशी पद्धत आमच्याकडे कधी नव्हती. डॅरिलने पेन मागितलं. बराच वेळ त्याने काही लिहिलं नाही. तो आईकडे बघत नव्हता. मास्तरांकडे बघत होता. मास्तर फडक्याने खडूचे हात पुसत होते आणि हात स्वच्छ झाले तरी पुसत होते. मग डॅरिलने एक शब्द लिहून चिठ्ठी दुमडली. शेडमध्ये वाढलेला माणूस. मत म्हणजे काय हे त्याला शिकवायला नको होतं.

नोलीनने चिठ्ठ्या उघडल्या. एकेक उघडायची, चष्मा सावरायची, बाजूला ठेवायची.

“कोरडा. कोरडा. कोरडा.” शेवटची चिठ्ठी तिने जरा जास्त वेळ धरली. ते अक्षर आमच्यापैकी कोणाचं नव्हतं. “कोरडा,” ती म्हणाली. “आठच्या आठ.”

“म्हणजे काय झालं आता?” डॅरिल म्हणाला.

“निकाल लागला नाही,” ब्रॉनी म्हणाली.

“मग कधी लागेल?”

“पाचव्या खंडात. लेखिका म्हणते काम सुरू आहे.”

“सुरू आहे म्हणजे?”

“मागच्याला नऊ वर्षं लागली,” मास्तर म्हणाले.

डॅरिलने स्कोन संपवला. मग दुसरा घेतला. “मम, न्हाणीघरात दांडे इथेच बसवून देतो,” तो म्हणाला. “उद्या दुकान उघडं असतं का?”

“सकाळी असतं,” नोलीन म्हणाली आणि टेबलावरची किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

तो सोमवारी एकटाच परत गेला. हाडं दुसऱ्याची हा तर्क आता सात देशांत चालतो; तो पोर्तुगीजमध्ये कोणी लिहिला की ब्रॉनी त्याचं भाषांतर मास्तरांना वाचून दाखवते. मास्तर आणि नोलीन अजून भांडतात, हल्ली विषय असा की हातमोज्याच्या रिकाम्या बोटात कापूस भरला होता की लोकर.

हे लिहायच्या आधी मी नोलीनला विचारलं होतं. ती म्हणाली, “लिही. तुझी ती भाषा या गावात वाचणार कोण? मास्तरांना दिसलं तर आमटीची कृती आहे म्हणून सांग.”

तर कुजबुजीमागचं खरं एवढंच. नोलीनला कधी कुठलं प्रकरण आलं नाही. तिने तर्क मांडल्यावर महिन्याभराने लेखिकेला पत्र टाकून विचारलं होतं, आणि चार महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. ते उघडं होतं आणि मी ते वाचलं. त्यावर लिहिलं होतं: ‘आपलं बरोबर आहे, पाव चाळीसच हवेत. मी स्वयंपाकिणीला दोनदा मोजलं. दुरुस्त करते.’ डॅरिलशी करार झाला तेव्हा ते कार्ड येऊन दोन महिने झाले होते. दर ऑक्टोबरात जाणाऱ्या केकबरोबर नोलीनची एक चिठ्ठी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘घाई करू नका.’